रेणुकेने पाहिले, एवढाच तिचा गुन्हा

गेल्या दिवाळीनंतर, उन्हाळ कांद्याची लावणी सुरू व्हायच्या आत, सटाणा तालुक्यातल्या आमच्या एका बचत गटाची सहल निघाली. अकरा बायका आणि मी. एक क्रूझर गाडी, दोन दिवस. पहिल्या दिवशी देवळाण्याचे जोगेश्वराचे देऊळ, मुक्काम साल्हेरच्या पायथ्याशी एका ओळखीच्या बाईच्या पडवीत, दुसऱ्या दिवशी साल्हेरचा गड. बचतीला हात न लावता दर महिन्याला पन्नास रुपये बाजूला ठेवून बायकांनी वर्षभरात गाडीचे पैसे उभे केले होते. भाकरी-चटणी घरून बांधून नेली होती. कोणाचे फुकट खाल्ले नाही, कोणाचे काही चोरले नाही.

परत आल्यावर चार दिवसांनी मारुतीच्या पारावर बैठक बसली. बायकांना बोलावले नव्हते, त्यांच्याविषयीच बोलायचे होते म्हणून. आक्षेप तीन निघाले. एक, बायकांना नागडी चित्रे दाखवायला नेले. दोन, घरचा पुरुष सोबत नसताना बायका रात्री बाहेर राहिल्या. तीन, गटाचा पैसा उधळला. एका बाईच्या नवऱ्याने तिचे पासबुक काढून घेतले. दुसरीला सासूने सांगितले की, आता गटाच्या मीटिंगला जायचे असेल तर माहेरूनच जा. आणि गटाच्या ठराव-वहीत एक ठराव लिहून द्यावा अशी मागणी आली : यापुढे गटाची सहल काढली जाणार नाही.

हा ठराव पुढच्या मासिक बैठकीत येणार आहे. त्या अकराजणींपैकी काहीजणी सही करतील. घरात रोजची कटकट नको म्हणून करतील, आणि त्यांना मी दोष देणार नाही. पण हा ठराव एका गावाचा नाही. तो लिहिलेला नसला तरी महाराष्ट्रातल्या बहुतेक गावांत लागू आहे. म्हणून त्याला उत्तर देणे आपल्या सगळ्यांचेच काम आहे, आणि ते मी इथे देते आहे.

पहिला आक्षेप नागड्या चित्रांचा. देवळाण्याचे देऊळ ज्यांनी पाहिले नाही त्यांच्यासाठी सांगते. आमच्या तालुक्यातच हे गाव आहे. काळ्या दगडाचे, यादवकाळातले मानले जाणारे महादेवाचे देऊळ. लोक त्याला कामदेवाचे देऊळही म्हणतात आणि वर्तमानपत्रवाले बागलाणचे खजुराहो म्हणतात. भिंतींवर देव आहेत, नर्तकी आहेत, नटलेल्या बायका आहेत आणि स्त्रीपुरुषांची मैथुनशिल्पे आहेत. ही शिल्पे शेकडो वर्षे उघड्यावर, ऊन-पाऊस खात उभी आहेत. शेजारून बैलगाड्या गेल्या, शाळेची पोरे गेली, आता मोटारसायकली जातात. पाहुणा आला की पुरुष त्याला घेऊन जातात आणि एकमेकांना कोपराने ढोसून हसतात. आमच्या पारावर बसलेल्यांपैकी निम्म्यांनी ते देऊळ पाहिलेले आहे. कोणते शिल्प कुठल्या बाजूला आहे हेही त्यांना पाठ होते, हे बैठकीतल्या बोलण्यावरूनच कळले.

मग दगड अश्लील कधी झाला? अकरा बायकांनी त्याच्याकडे पाहिले तेव्हा. म्हणजे दोष दगडाचा नाही, बाईच्या डोळ्यांचा आहे. पुरुषाने पाहिले तर ते कलेचे ज्ञान, नाहीतर निदान गंमत. बाईने पाहिले तर ती बिघडली.

प्रत्यक्षात काय झाले ते ऐका. पहिली दहा-पंधरा मिनिटे बायका पदर तोंडाला लावून उभ्या होत्या. दोघीतिघींना हसू आवरत नव्हते. मग हसणे संपले आणि पाहणे सुरू झाले. कोणाच्या पायातले वाळे कसे आहेत, अंबाडा कसा बांधला आहे, कमरेचे सूत कसे आहे यावर बोलणे चालू झाले. साठीच्या घरातली एक मावशी, जिची कंबर आयुष्यभर कांद्याच्या शेतात वाकून गेली आहे, ती एका उभ्या मूर्तीपुढे बराच वेळ थांबली आणि म्हणाली, "कितला सालपाईन उभी शे हाई बाई! कोनी इले बठ म्हनं नही." किती वर्षांपासून उभी आहे ही, कोणी हिला बस म्हटले नाही. शिल्पकलेवरच्या पुस्तकांत सुरसुंदरीविषयी पुष्कळ लिहिलेले असते. तिचे पाय दुखत असतील हे मात्र मी कुठे वाचलेले नाही. ते दिसायला ज्या डोळ्यांची गरज होती, ते डोळे आजपर्यंत तिथे नेलेच नव्हते.

आणि हो, मैथुनशिल्पांपुढेही बायका थांबल्या. तिथे जे बोलणे झाले ते मी इथे लिहिणार नाही, ते त्यांचे आहे. एवढे सांगते की, लग्नाला वीस-पंचवीस वर्षे झालेल्या बायका पहिल्यांदा एकमेकींशी आपल्या अंथरुणातल्या दुःखाविषयी बोलल्या. आमच्या आरोग्य शिबिरांत तक्ते लावून, काठीने अवयव दाखवून हे बोलणे मला कधी घडवून आणता आले नव्हते. ज्यांना हे अश्लील वाटते त्यांना मी विचारते, बाईच्या मर्जीशिवाय रात्रीमागून रात्री तिच्याशी जे होते ते अश्लील वाटते का? त्यासाठी पारावर कधी बैठक बसली आहे का?

आता दुसऱ्या दिवसाकडे येते. साल्हेर हा महाराष्ट्रातला सर्वांत उंच किल्ला, १५६७ मीटर. राज्यात त्याहून उंच फक्त कळसूबाईचे शिखर. १६७२ मध्ये इथल्या उघड्या मैदानात मराठ्यांनी मोगलांच्या मोठ्या फौजेचा पराभव केला, हे आमच्या भागात शाळकरी पोरही सांगते. गडाच्या अगदी माथ्यावर परशुरामाचे देऊळ आहे, आत त्याच्या पादुका आहेत. खालच्या अंगाला गंगासागर तलावाजवळ त्याच्या आईचे, रेणुकेचे ठाणे आहे. मुलगा शिखरावर, आई खाली. चढून थकलेल्या बायका रेणुकेपाशी बसल्या आणि तिथे एकीने विचारले, "ताई, रेणुकेचे डोके का उडवले?"

गोष्ट आपल्या सगळ्यांना माहीत असते, पण नीट कोणी सांगत नाही. महाभारताच्या वनपर्वात ती आहे. रेणुका नदीवर गेली. तिथे एक राजा, चित्ररथ त्याचे नाव, आपल्या बायकांबरोबर जलक्रीडा करत होता. रेणुकेने ते पाहिले आणि तिचे मन क्षणभर चळले. तिने काही केले नाही. ती कोणाशी बोलली नाही, कोणाबरोबर गेली नाही. पाहिले, आणि घरी परत आली. जमदग्नीने ते ओळखले आणि मुलांना आज्ञा केली की आईला मारा. चौघांनी ऐकले नाही, त्यांना शाप मिळाला. पाचव्याने परशू उचलला. बाप खूश झाला आणि वर माग म्हणाला. परशुरामाने मागितले की, आई जिवंत व्हावी आणि आपल्याला मारले होते याची तिला आठवण राहू नये.

मैत्रिणींनो, या शेवटच्या वाक्यापाशी जरा थांबा. कीर्तनात हा भाग मुलाच्या मातृभक्तीचा म्हणून सांगतात. मी समुपदेशन केंद्रात बसते. तिथे आठवड्याला दोन-तीन तरी तडजोडी होतात. डोके फुटलेली बाई असते, नवरा असतो, दोन्हीकडची चार माणसे असतात, आणि सगळ्यांचे एकच म्हणणे असते : झाले गेले विसरून जा. तिला मारले याचा कागद नको, पोलिसात नोंद नको, आठवणच नको. २००५ मध्ये कौटुंबिक हिंसाचाराचा कायदा झाला. पण त्या कायद्याखाली अर्ज करायचा म्हणजे आधी आठवावे लागते, तारीखवार सांगावे लागते. आणि बाईला जन्मभर शिकवलेले असते ते विसरायला. रेणुकेला मिळाला तो वर नव्हे. तो पुरावा नष्ट करण्याचा प्रकार होता.

आणि तिचा गुन्हा काय होता? पाहणे. नदीवर पाणी आणायला गेलेल्या बाईने मान वर करून दुसऱ्यांचे सुख पाहिले, एवढाच. पारावरच्या बैठकीत आमच्या अकराजणींवर जो आरोप झाला तो याहून वेगळा नाही. देवळाण्याचा दगड आणि साल्हेरची रेणुका एकाच तालुक्यात आहेत. बायका दिवसाच्या अंतराने दोन्हीकडे गेल्या आणि त्यांना न शिकवता दोन्हींचा संबंध कळला. मला वाटते, पारावरच्या मंडळींना खरी भीती याची आहे.

रेणुकेविषयी आणखी एक सांगायला हवे. रा. चिं. ढेरे यांनी 'लज्जागौरी' या ग्रंथात दाखवले आहे की, रेणुका-यल्लम्मा ही मुळात सर्जनाची देवी, भूमीचेच रूप. माहूरला तिच्या मुखाची, तांदळ्याची पूजा होते. लज्जागौरीच्या मूर्तींना बहुधा डोके नसते, त्या जागी कमळ असते आणि धडाची पूजा होते. म्हणजे बाईचे डोके एकीकडे आणि धड दुसरीकडे, अशी वाटणी आपण देवीचीसुद्धा करून ठेवली आहे. जिथे तिचे तोंड आहे तिथे तिला शरीर नाही, आणि जिथे शरीर आहे तिथे डोळे आणि तोंड नाही. यल्लम्माच्या नावाने सोडलेल्या मुलींचे काय झाले ते देवदासींच्या चळवळीने आपल्याला सांगितले आहे. कर्नाटकात १९८२ मध्ये त्याविरुद्ध कायदा झाला, महाराष्ट्रातही पुढे झाला. या वाटणीला आपला विरोध आहे. बाई डोक्यासकट आणि शरीरासकट एकाच जागी असली पाहिजे, आणि तिचे डोळे उघडे असले पाहिजेत.

आता दुसऱ्या बाजूची मंडळी. ही पारावर नसतात, व्यासपीठावर असतात. त्यांना शिल्पे अश्लील वाटत नाहीत, उलट अभिमान वाटतो. पाहा, आपल्या संस्कृतीत स्त्रीला केवढे स्वातंत्र्य होते, केवढा मान होता, परकीय आले आणि बाई घरात कोंडली गेली, असे ते सांगतात. आपल्यातल्याही काही कार्यकर्त्या या बोलण्याला भुलतात, कारण त्यात पारावरच्या माणसाला गप्प करण्याची सोय दिसते. मला ही सोय नको आहे.

देवळाच्या भिंतीवर बाई कोरली म्हणून घरातली बाई मोकळी होती असे सिद्ध होत नाही. आजच्या रस्त्यावरच्या जाहिरातीत बाई किती मोठी असते! म्हणून आजची बाई मोकळी आहे का? ज्या बांधणीला आपण हेमाडपंती म्हणतो तिला नाव मिळाले ते तेराव्या शतकातल्या यादवांच्या प्रधानाचे, हेमाद्रीचे. त्याच हेमाद्रीने 'चतुर्वर्गचिंतामणी' हा ग्रंथ लिहिला. त्यातल्या व्रतखंडात व्रते, उपवास, उद्यापने यांची भलीमोठी भर आहे. म्हणजे भिंतीवर दागिने घातलेली बाई आणि घरात उपाशी बसलेली बाई, दोन्ही एकाच राजवटीत नांदत होत्या. भिंतीवरची बाई ज्यांनी पैसे देऊन कोरून घेतली त्यांनी आपल्या लेकीसुनांना विचारून ती कोरली नसणार.

त्याच यादवकाळात दुसराही आवाज होता, तो मात्र अभिमानाने कोणी सांगत नाही. महानुभाव पंथाच्या चक्रधरांनी बायकांना शिष्या केले आणि विटाळ मानला नाही. नाकाला शेंबूड येतो तसा तो शरीराचा धर्म आहे, असे त्यांनी सांगितल्याचे 'लीळाचरित्रा'त आहे. त्यांच्या शिष्यांपैकी महदाइसा मराठीतली पहिली कवयित्री ठरली. आठशे वर्षांपूर्वीच्या वारशाचा गर्व करायचाच तर या वारशाचा करा की! पण मग पाळीच्या दिवसांत बाईला देवळात घ्यावे लागेल, आणि तिथे या मंडळींची संस्कृती आडवी येते.

आमच्या सहलीत दोघीजणी बौद्ध होत्या. देवळाण्याला त्या आत आल्या नाहीत. मी आग्रह केला तेव्हा त्यातली एक म्हणाली, "ताई, ज्या दाराबाहेर माझ्या आजीच्या आजीला उभे केले, त्या दाराने मी आत का जाऊ?" मला उत्तर देता आले नाही. नाशिक जिल्ह्यात राहून ते देता येऊ नये हे योग्यच होते. २ मार्च १९३० ला बाबासाहेबांनी काळाराम मंदिराचा सत्याग्रह सुरू केला, त्यात बायकाही होत्या, पाच वर्षे तो चालला आणि दार उघडले नाही. त्या दोघी बाहेर राहिल्या आणि बाहेरून देऊळ पाहिले. नंतर एकीने जे सांगितले ते मला पटले : "हे सारे दगड कोणी वाहिले, कोणी फोडले? मी ते बघत होते. देव नाही बघितला." संस्कृतीचा अभिमान सांगणाऱ्यांनी आणि आपणही हे ध्यानात ठेवावे. पाहण्याचा हक्क म्हणजे नमस्कार करण्याची सक्ती नव्हे. आपण पाहायला गेलो, नवस फेडायला नाही.

नवसावरून आठवले. दुसरा आक्षेप होता, पुरुषाशिवाय रात्री बाहेर राहिल्या. आमच्या भागातून चैत्रात आणि नवरात्रात हजारो बायका सप्तशृंगीला जातात. वणीच्या गडावर कड्यातच कोरलेली अठरा हातांची देवी आहे. २०२२ मध्ये तिच्यावरचा शेकडो वर्षांचा शेंदराचा थर काढला, हजार किलोंहून अधिक निघाला, तेव्हा मूळ मूर्ती लोकांना दिसली. या गडाकडे खानदेशातून बायका दिवसचे दिवस चालत जातात, पायाला फोड येतात, वाटेत शाळेच्या ओट्यावर, शेतात, रस्त्याच्या कडेला झोपतात. त्यावर कुठल्या पारावर बैठक बसली? नाही बसली. कारण त्या नवऱ्याच्या दुखण्यासाठी, मुलाच्या नोकरीसाठी, सुनेच्या पोटी मुलगा व्हावा म्हणून जातात. तीच बाई, तोच डोंगर, तशीच रात्र. नवस असेल तर चालते, हौस असेल तर चालत नाही. घरासाठी झिजायला बाई कितीही लांब जाऊ शकते. स्वतःसाठी तिला गावची वेससुद्धा ओलांडता येत नाही.

डोंगर चढण्याचेही तसेच. साल्हेरच्या पायथ्याच्या गावांतल्या कोकणा, भिल्ल बायका रोज डोंगर चढतात. सरपणासाठी, गुरांसाठी, उन्हाळ्यात पाण्यासाठी. आम्ही जिच्या पडवीत राहिलो ती बाई चाळीस वर्षांची. जन्म त्याच खोऱ्यात गेला. गडावर कधी गेली होती का, विचारले. म्हणाली, अर्ध्यापर्यंत रोज जाते, वर काय काम? दुसऱ्या दिवशी ती आमच्याबरोबर वर आली. माथ्यावरून तिने आपले घर शोधून काढले, मग माहेरचे गाव, मग ज्या दिशेला नवऱ्याबरोबर मजुरीला जाते ती दिशा. बराच वेळ काही बोलली नाही. पुण्या-मुंबईहून येणाऱ्यांना ती अनेक वर्षे पिठले-भाकरी करून घालते. ते जे पाहायला येत होते ते तिने त्या दिवशी पहिल्यांदा पाहिले.

जुलै २०२५ मध्ये युनेस्कोने मराठ्यांच्या बारा किल्ल्यांना जागतिक वारसा म्हणून मान दिला. त्यात साल्हेर आहे. आनंदाची गोष्ट आहे. आता रस्ते होतील, फलक लागतील, हॉटेले निघतील, पाहुणे वाढतील. या सगळ्यात तिची जागा कोणती? चुलीपुढची, जिथे ती आज आहे तीच? वारसा जगाचा झाला, पायथ्याच्या बाईचा अजून झालेला नाही. वाटाड्यांच्या प्रशिक्षणात तिचे नाव असावे, पायथ्याशी आणि वाटेवर बायकांसाठी स्वच्छतागृहे असावीत, फलकावर लढाईच्या बरोबर रेणुकेची गोष्टही पुरती लिहिलेली असावी, या मागण्या आपण आत्ता केल्या नाहीत तर दोन वर्षांनी त्या करायला जागाच उरणार नाही.

तिसरा आक्षेप पैशाचा. त्याला उत्तर देण्याआधी मला एक कबुली द्यायची आहे.

या सहलीची नोंद मी आमच्या संस्थेच्या अहवालात 'पाणलोट व स्थानिक वारसा अभ्यास दौरा' अशी केली. साल्हेरवर तलाव आणि टाकी आहेत, तेवढ्या आधारावर पाणलोट घुसडला. समाजकार्याच्या एम.ए.ला मला उद्दिष्टे, निष्पत्ती, निर्देशक लिहायला शिकवले होते. त्यात 'बायकांना मजा वाटली' असा रकाना नव्हता. आमच्या वरिष्ठांपैकी एका ताईंनी, ज्यांच्याविषयी मला खरोखर आदर आहे, मसुदा वाचून विचारले, "सहलीतून गटाला मिळाले काय?" मी खाली मान घालून पाणलोट लिहिला. पारावरच्या माणसांपुढे मी मोठ्या तोंडाने भांडले आणि आपल्याच माणसांपुढे खोटे बोलले. कारण आत कुठेतरी मलाही वाटत होते की, बायकांची नुसती सहल ही सांगण्यासारखी गोष्ट नाही.

हा दोष एकट्या माझा नाही, आपल्या कामाचा आहे. बाईला घराबाहेर काढायचे तर शिबिर, प्रशिक्षण, मोर्चा, कर्जाची बैठक, गांडूळखत पाहायला दौरा. तिच्या प्रत्येक तासाचा हिशेब असलाच पाहिजे, हे घर म्हणते आणि आपणही म्हणतो. फरक एवढाच की घरात ती सासरच्यांसाठी उपयोगी असावी लागते आणि आपल्याकडे विकासासाठी. सरकारने २०१९ मध्ये देशभर वेळेच्या वापराची पाहणी केली. घरकाम करणारी स्त्री दिवसाचे सरासरी २९९ मिनिटे घरच्या बिनपगारी कामात घालवते आणि पुरुष ९७ मिनिटे, असे त्यात निघाले. म्हणजे पाच तास आणि दीड तास. या पाच तासांवर कांदालावणी, निंदणी, छाटणी वेगळी. अशा बाईच्या उरलेल्या वेळेतही आपण तिला काहीतरी शिकवायलाच हवे का? तिला नुसते झाडाखाली बसू देणे हा कार्यक्रम का होऊ शकत नाही? मुंबईच्या तीन अभ्यासक स्त्रियांनी, शिल्पा फडके, समीरा खान आणि शिल्पा रानडे यांनी, २०११ मध्ये इंग्रजीत एक पुस्तक लिहून बाईला शहरात बिनकामाचे भटकण्याचा हक्क हवा असे मांडले. तो हक्क शहरातल्या बाईला हवा आणि गावातल्या बाईला नको असे थोडेच आहे?

पैशाचे म्हणाल तर ते बायकांचे होते. बिअर बारची उधारी, निवडणुकीतल्या जेवणावळी, पोरांच्या टोळक्याची गोव्याची वारी, यांचा हिशेब पारावर कोणी मागत नाही. सटाण्यात आपण देव मामलेदारांची यात्रा भरवतो. यशवंतराव महाराज का देव झाले? १८७०-७१ च्या दुष्काळात त्यांनी सरकारी खजिना भुकेल्यांसाठी उघडला म्हणून. अधिकाऱ्याने खजिना उघडला तर आपण त्याचे देऊळ बांधतो. बायकांनी आपल्याच डब्यातले, आपल्याच घामाचे पन्नास-पन्नास रुपये उघडले तर ती उधळपट्टी होते. भूक फक्त पोटाची असते असे कोणी ठरवले?

काहीजणी म्हणतील, इतके प्रश्न समोर असताना सहलीवरून भांडण कशाला ओढवून घ्यायचे? बलात्कार आहेत, हुंडाबळी आहेत, पोटातच मुली मारल्या जातात. मी म्हणते, भांडण आपण ओढवले नाही, ते पारावरून आले. त्यांना कळले आहे की ही बाब लहान नाही. कर्ज घेणारी, हप्ता वेळेवर फेडणारी, ग्रामसभेत कोरम भरायला येणारी बाई त्यांना चालते. स्वतःच्या मर्जीने निघालेली, पाहून आलेली आणि पाहिले ते आठवणारी बाई चालत नाही. २०१६ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने सांगितले की देवळात प्रवेश हा बाईचा मूलभूत हक्क आहे आणि तो मिळवून देणे सरकारचे काम आहे. मार्च २०२३ पासून एस.टी.त बायकांना अर्धे तिकीट झाले. दार कायद्याने उघडले, गाडीचे भाडे सरकारने निम्मे केले. उंबऱ्यात जो आडवा उभा आहे त्याला मात्र आपल्यालाच बाजूला सारायचे आहे, आणि सहल नको असा ठराव आपल्याच वहीत, आपल्याच सहीने लिहायला देऊन ते होणार नाही.

म्हणून माझे म्हणणे असे. ठराव येऊ द्या, त्याच्यावर चर्चा होऊ द्या, आणि ज्यांना शक्य आहे त्यांनी त्याच्याविरुद्ध बोट वर करावे. ज्यांना शक्य नाही त्यांच्या घरी इतरजणींनी जावे, एकटीला जाब द्यायला लावू नये. काढून घेतलेले पासबुक त्या बाईचे आहे, ते परत मिळेपर्यंत गटाने प्रकरण सोडू नये, बँकेत सगळ्यांनी मिळून जावे. प्रत्येक गटाने, प्रत्येक संघटनेने वर्षाच्या अंदाजपत्रकात सहल म्हणून एक ओळ घालावी आणि तिच्यापुढे सहल असेच लिहावे. मीही अहवालातला पाणलोट खोडून तसे लिहून दिले आहे. संस्थेत त्यावर काय होते ते पाहू.

आणि जवळचेच पाहा. आपल्या तालुक्यात एखादे जुने देऊळ असतेच, एखादा गड, एखादी लेणी असतात. तिथे काय कोरले आहे ते पुरुषांकडून ऐकू नका. आपल्या डोळ्यांनी पाहा, पाठ दुखली तर तिथेच बसा, जे दिसले त्यावर आपल्यात बोला, आणि घरी येऊन विसरू नका. विसरण्याचा वर रेणुकेला एकदा देऊन झाला आहे. आपल्याला तो नको.

आमच्या गटातल्या त्या मावशीने परतीच्या वाटेवर गाडीत विचारले, पुढच्या वर्षी कुठे? मी म्हटले, तुम्ही सांगा. त्या म्हणाल्या, समुद्र पाहायचा आहे. दर महिन्याचे पन्नास रुपये त्यांनी या महिन्यापासूनच माझ्यासमोर डब्यात टाकायला सुरुवात केली आहे. तुमच्या गटाने कुठे जायचे ठरवले तेही कळवा.